शकुबाईची कसरत

शकुबाई चटईवर उताणी पडून कंबर वर उचलत होती, तेवढ्यात अंगणात कोणी खाकरलं. यशवंतराव आले होते, तिच्या गेलेल्या नवऱ्याचे थोरले भाऊ. भासरे खाकरले की बाईनं बसून राहायचं नाही, असा या घरचा कायदा. ती धडपडत उठली, डोक्यावर पदर ओढला आणि चटईत पाय अडकून भिंतीवर आदळली.

यशवंतरावांनी आत येऊन आधी चटईकडे पाहिलं. "हेमराज, तुह्या मायले या वयात हे काय थेर सुचून राहिले?" म्हणाले आणि तोंडातला तंबाखूचा खर्रा खिडकीतून पचकन थुंकले. निम्मा भिंतीवरच सांडला. तो ओघळ पुसायचा कोणी, हे काही सांगायला नको. शकुबाईला शिसारी आली.

हेमराजला लाज वाटली. माय आदळली त्याची नव्हे, मोठ्या बाबांनी पाहिलं त्याची. "आई, हे सारं गोठ्यात करत जा तू," तो म्हणाला.

म्हणून ती गोठ्यात जायला लागली. शेणामुताच्या वासात गव्हाणीला धरून एका पायावर उभी राहायची, पोट आवळून धरायची. गोमाशा चावायच्या. बैल मान वळवून पाहायचे, पण निदान थुंकायचे तरी नाहीत. मनगट एकदा मोडलंच होतं. आता खुबा मोडला तर उरलेला जन्म खाटेवर, आणि हगणंमुतणंही दुसऱ्याच्या हाती. त्या विचाराची तिला सगळ्यात जास्त किळस यायची.

पावसाळा सरल्यावर ती पांढुर्ण्याच्या दवाखान्यात गेली. मनगट मोडल्यावर हा व्यायाम शिकवणाऱ्या मृणाल डॉक्टरीणबाईंनी तिला हाताची घडी घालून खुर्चीवरून उठवलं, बसवलं, एका पायावर उभं केलं. म्हातारी जराही हलली नाही.

"आजी, तोल तर चांगला आहे तुमचा. मग पडता केव्हा?"

"उठतानी."

"आत्ता तर उठल्या. कुठं पडल्या?"

"आत्ता भासरे कुठं आले, बाई?"

बोलून गेली आणि तिला आपलं एकेक पडणं आठवलं. मनगट मोडलं तेव्हा ते खाकरले होते. भाकरी टाकताना उठली आणि तव्यावर हात पडला, तेव्हाही तेच. सारं घर म्हातारपणाला बोल लावत होतं, आणि तीही त्यांच्याच सुरात सूर मिसळत होती. तिला स्वतःचीच चीड आली.

दुसऱ्या दिवशी ती ओसरीवर खुर्चीत बसली होती. अंगणात खाकरणं झालं. हेमराज उभा राहिला, आतून सून पदर सावरत आली. शकुबाईचे पाय सवयीनं उठायला निघाले. तिनं पोट आवळलं आणि पाय जमिनीवर घट्ट दाबून धरले.

यशवंतराव ओसरीच्या पायरीवरच थबकले. सगळ्यांकडे पाहून त्यांची नजर खुर्चीवर येऊन थांबली.

हेमराज घाईघाईनं पुढं झाला. "पाय लय दुखून राहिले तिचे, मोठे बाबा. उठणं होत नाही."

लग्न होऊन या घरात आल्यापासून ती भासऱ्यांशी थेट एक शब्द बोलली नव्हती. तिनं मान वर केली आणि सरळ त्यांच्याकडे पाहिलं.

"खोटं बोलून राहिला तो. पाय मस्त मजबूत झाले माहे."