इंजिन धाकट्याचं, गाडी थोरल्याची

“मिस्त्री, त्यांना सांगा, हात काढा. बोटं गेली तर म्हणतील मुद्दाम केलं,” थोरला म्हणाला.

“मिस्त्री, त्यांना सांगा, माझ्या इंजिनाला माझाच हात लागणार,” धाकटा म्हणाला.

दोघा भावांमध्ये अंतर हातभर. मध्ये चेनपुलीला टांगलेलं इंजिन, आणि खाली बोनेट उघडून आ वासलेली वडिलांची जुनी गाडी. तेरा वर्षं गाडी थोरल्याच्या गॅरेजात होती, तिचं इंजिन भिंतीपलीकडे धाकट्याच्या बैठकीत, आणि दोघांचं बोलणं मिस्त्रीच्या तोंडात.

थोरल्याने ह्या काळात गाडीवर रंगाचे इतके हात मारले होते की ती दोन बोटं रुंद झाली आणि गॅरेजची चौकट काढून पुन्हा बसवावी लागली. धाकट्याचं इंजिन लाकडी घोडीवर बसून रोज सकाळी सातला असं धडधडे की इकडे वहिनींच्या कपातली साखर चमच्याशिवाय विरघळे. मिस्त्री शपथेवर सांगतो. आणि मिस्त्री खोटं बोलत नाही, नुसतं जरा ताणून सांगतो.

आज दोघं एकत्र आले ते काही प्रेमाचा उमाळा येऊन नव्हे. जुन्या गाड्यांच्या मंडळाचा परीक्षक दारात उभा होता. गाडीत मुळातलंच इंजिन आहे असं ठरलं, तर ‘अस्सल’ असा दाखला मिळणार होता, आणि ह्या मॉडेलची दुसरी अस्सल गाडी कुठेच उरली नव्हती. दाखल्यावर दोघांची नावं, थोरल्याचं आधी, एवढ्या तहासाठी मिस्त्रीने भिंतीवरून अकरा उड्या मारल्या होत्या.

इंजिन बसलं. बोल्ट आवळले. थोरल्याने चावी फिरवली, धाकट्याने हँडल मारलं. गाडीने म्हशीसारखं एकदा अंग थरथरवलं आणि पहिल्या झटक्यात सुरू झाली. दोघंही भलतीकडेच बघत राहिले.

परीक्षकाने भिंग काढलं. दरवाजाजवळच्या पितळी पट्टीवरचा नंबर उतरवून घेतला आणि तो जुळवायला बोनेटमध्ये वाकला.

“इंजिनावरचा नंबर कुठाय?”

“डाव्या कुशीवर,” थोरला म्हणाला.

“इथे तर काही नाही.”

मिस्त्रीने बॅटरीचा उजेड धरला. इंजिनाची डावी कूस आरशासारखी लखलखत होती. तिच्यात परीक्षकाचं नाक दिसलं, नाकातले केस दिसले, नंबर तेवढा दिसला नाही.

“धाकटेसाहेब,” मिस्त्री हळूच म्हणाला, “काय केलंत हे?”

“घासलं.” धाकट्याचा आवाज खाली आला. “ह्यांच्या बोनेटमध्ये म्हणे तोंड दिसतं. म्हटलं, माझ्या इंजिनात दात मोजता आले पाहिजेत. आधी पॉलिश पेपरने, मग मशीनने. रोज.”

थोरल्याने मिस्त्रीला कोपराने बाजूला ढकललं.

“गाढवा! नंबर घासून खाल्लास?”

तेरा वर्षांतलं हे पहिलं थेट वाक्य.

“तुमच्यामुळे खाल्ला!” हे दुसरं.

“थांबा, थांबा,” परीक्षक म्हणाला. “हे इंजिन ह्याच गाडीतून निघालंय असं दोघांनी सहीनिशी लिहून द्या. मी दाखला देतो.”

त्याने कागद मडगार्डवर ठेवला. थोरल्याने आधी त्याच्याखाली मऊ फडकं सरकवलं, मग परीक्षकाच्याच पेनाने लिहिलं, आणि कागद धाकट्याकडे न देता तिथेच सोडला.

धाकट्याने मोठ्याने वाचलं. “‘हे इंजिन ह्याच गाडीचं असून माझ्या भावाने न विचारता काढून नेलं होतं.’ ते ‘न विचारता’ खोडा.”

“खरं तेच लिहिलंय.”

“बाबांनी दिलं मला. ‘गाडी त्याला, इंजिन तुला’ म्हणाले.”

“बाबा शेवटी शेवटी मला पोस्टमन समजायचे. मागितलं असतंस तर तुला विमानही दिलं असतं.”

स्वयंपाकघराच्या खिडकीतून वहिनी ओरडल्या, “अहो, दोन शब्दांचा प्रश्न आहे! खोडा आणि मोकळे व्हा!”

“दोन शब्द नाहीत ते, वहिनी. चोर म्हणतायत मला.”

“म्हणत नाहीये,” थोरला म्हणाला. “लिहून देतोय.”

धाकट्याने पेनाला टोपण लावलं आणि ते परीक्षकाच्या खिशाला नीट अडकवलं.

परीक्षकाने सुस्कारा सोडला, पेन पुन्हा काढलं आणि आपल्या वहीत लिहिलं, ‘गाडी व इंजिन यांचा परस्परांशी संबंध सिद्ध होत नाही.’ दोघांना वाचून दाखवलं. हरकत कोणीच घेतली नाही. तो गेला.

इंजिन चालूच होतं.

“आता बंद करा बघू कुणीतरी,” मिस्त्री म्हणाला. “तापेल.”

“इंजिन माझं नाही,” थोरला म्हणाला. “ज्याचं आहे त्याने बंद करावं.”

“चावी माझी नाही,” धाकटा म्हणाला. “उद्या लिहून देतील, न विचारता हात लावला.”

मिस्त्री स्वतःच चावीकडे वळला.

“खबरदार!” दोघं एकदम ओरडले. इतक्या एका सुरात की मिस्त्री दोन पावलं मागे गेला.

वहिनींनी खिडकी लावता लावता विचारलं, “टाकीत पेट्रोल किती आहे हो?”

“काठोकाठ,” मिस्त्री म्हणाला आणि आपले पाने गोळा करू लागला.

थोरला आत जाऊन खुर्ची घेऊन आला. धाकट्याने भिंतीपलीकडून आपली आणली. गाडीच्या ह्या अंगाला एक, त्या अंगाला एक, अशा टेकवल्या, आणि दोघं हाताची घडी घालून बसले.