झेंड्याची खोळ

राजदूतसाहेबांनी उभ्या नोकरीत सरळ ‘हो’ कधी म्हटलं नव्हतं; बढत्या त्यावरच मिळाल्या. शहर पेटलं होतं, शेवटचं विमान सुटणार होतं. शिडीपाशी ड्रायव्हरने विचारलं, “साहेब, तुम्ही गाडीत नसलात की झेंड्यावर खोळ चढवायची, हा नियम. पण परतीच्या नाक्यावर बिनझेंड्याच्या गाडीवर गोळ्या झाडतात. आज उघडा ठेवू?” “अहो, हो म्हणा की!” बायको कळवळली. पण हो म्हटलं तर चौकशी लागायची. साहेब मिस्कील हसले. “असला नियम मला तरी आठवत नाही बुवा.” “मला आठवतो ना, साहेब! तुम्हीच शिकवलात.” तोही थट्टेतच बोलतोय, त्याला इशारा कळला, असं समजून साहेब विमानात खिडकीशी बसले. खाली ड्रायव्हर खोळ चढवत होता. “उघडा ठेव!” काच बडवत साहेब पहिल्यांदाच सरळ बोलले. ड्रायव्हरने वर पाहून कडक सलाम ठोकला आणि झाकल्या झेंड्याची गाडी नाक्याकडे वळवली.