निम्म्या भावात

स्वयंपाकघरात फरशी बसवायची होती. म्हाताऱ्या मिस्त्रींनी चौरस फुटाला साठ सांगितले, तशा घरमालकीणबाई उसळल्या. “अहो, फरशी बसवायचीय, सोन्याचा पत्रा नाही चढवायचा!”

त्या मिस्त्रींना थेट शेजारच्या घरात घेऊन गेल्या आणि तिथली नवी न्हाणी दाखवली. “तुमच्याच धंद्यातल्या एका पोरानं निम्म्या भावात केलंय हे. काढा बघू खोट!”

मिस्त्री गुडघा धरत खाली बसले. त्यांनी फरश्यांच्या सांध्यांवरून तळहात फिरवला, कुठे कड लागली नाही. मगभर पाणी ओतलं, ते थेंबही न रेंगाळता जाळीकडे गेलं. अख्ख्या फरश्या दारासमोर होत्या आणि कापलेले तुकडे दाराआड, कुणाच्या नजरेला पडणार नाहीत असे. त्या तुकड्यांकडे ते जरा जास्तच वेळ बघत राहिले.

“खोट नाही. हात चांगला आहे पोराचा.”

“मग तुम्हाला दुप्पट कशासाठी द्यायचे, तेवढं सांगा की!”

 

“दुसरं काय सांगू, ताई? या दुप्पट भावावरच त्या पोराला मी लहानाचं मोठं केलं.”