काशाची घुंगुरमाळ

मीरासाबनं घोड्याची जुनी घुंगुरमाळ कानाशी नेऊन खळाखळा हलवली आणि त्र्यंबक कासाराच्या पुढ्यात टाकली. हिच्यात काही दम उरला नाही, म्हणाला, काशाची दाखव.

दुकानाच्या पायरीवर बसलेली त्याची बायको सुलतानबी फणकारली. उचगावाहून ती त्याच्याच टांग्यात बसून आली होती ती एवढ्याचसाठी, की नवऱ्याला हा नसता खर्च करू द्यायचा नाही. गाठीला होतं ते पावसाआधी घोड्याच्या छपरावर कौलं घालायला. पण मीरासाबच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. स्टेशनावर इलाहीच्या टांग्याला काशाची माळ आहे, तिचा आवाज लांबवर जातो, म्हणून गिऱ्हाईक त्याच्याकडे पळतं. सुलतानबीचं म्हणणं, गिऱ्हाईक घोडं बघून बसतं, घोड्याच्या गळ्यातलं गाणं ऐकून नाही. हे ती मागच्या बैठकीवरून वाटभर पुटपुटत आली होती आणि मीरासाबनं हूं की चूं केलं नव्हतं.

त्याचं तिला नवल राहिलं नव्हतं. ईद झाल्यापासून हा माणूस तिच्याशी धड बोलतच नव्हता. चुलीपुढून काही विचारावं तर उत्तर नाही, मागून हाक मारावी तर वळून बघणं नाही. आपलं काय चुकलं ते तिनं खूप आठवून पाहिलं. मग तीही हट्टाला पेटली आणि कामापुरतं, तेही तोंडातल्या तोंडात बोलू लागली. नातवंडं झाल्यावर नवऱ्यानं रुसून बसावं, हे तिच्या जिवाला फार लागलं होतं.

त्र्यंबकनं जुनी माळ उचलून हलवली. पितळेचा बारीक, स्वच्छ आवाज पायरीपर्यंत आला. बाहेर बांधलेल्या घोड्यानंही कान टवकारले. त्र्यंबकला काही उमगेना. तो आत वळला आणि फडताळातून दुसरी माळ काढता काढता पाठमोराच विचारू लागला, घोडं जुनंच का बदललं? मीरासाब गप्प. त्र्यंबकनं पुन्हा विचारलं. मीरासाब समोरच्या समया न्याहाळत उभा होता. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं.

सुलतानबीनं मान वळवून नवऱ्याकडं पाहिलं. बायकोवर रुसला असेल एक वेळ. कासारावर रुसायचं त्याला काय कारण?

"अवं," ती हळूच म्हणाली. तो हाताच्या अंतरावर पाठ करून उभा होता. "अवं, ऐकलं का?"

मीरासाब समयाच बघत राहिला.

तिला ईदेआधीच्या बाजाराच्या दिवशीचं भांडण आठवलं. कुणी पावणं गडमुडशिंगीच्या फाट्यावर थांब थांब म्हणत राहिलं आणि टांगा पुढं गेला. घरी येऊन मीरासाब शपथेवर सांगत होता की तो माणूस काही बोललाच नाही, आणि तिनं त्यालाच खोट्यात काढलं होतं. तो रुसला नव्हता. हे कळून पहिल्यांदा तिला बरंच वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून मग लाज वाटली.

त्र्यंबक काशाची माळ घेऊन आला. मोठाली, जड घुंगरं. मीरासाबनं ती हलवली आणि सगळी गल्ली घुमली. समोरच्या दुकानातला माणूस मान वर करून बघू लागला. मीरासाबचा चेहरा एकदम फुलला. त्यानं पुन्हा हलवली, पुन्हा हलवली. लहान मूल झालं होतं त्याचं.

पण त्र्यंबक सरळ माणूस. जुनी माळ हातात तोलत तो मीरासाबच्या समोर आला आणि मोठ्यानं म्हणाला, "ही माझ्या बापाच्या हातची हाय, मीरासाब. हिला काय बी झालेलं न्हाय. मला वाटतंय, तुझंच का..."

सुलतानबी ताडकन उठली. "बसल्यात ती घुंगरं, अण्णा. रोज कानावर पडत्यात की माझ्या."

त्र्यंबकनं तिच्याकडं पाहिलं. तिनं जराशी मान हलवली. दुकानात जन्म गेलेल्या माणसाला तेवढं पुरलं. त्यानं जुनी माळ बाजूला ठेवली आणि असला काशाचा माल दरबारच्या बग्गीला जातो, एवढंच सांगितलं. सुलतानबीनं पदराची गाठ सोडली. घासाघीस करायची म्हणून आलेली बाई एक अक्षर बोलली नाही, तेव्हा कासारानं आपण होऊनच काही परत दिलं. छपरावर अजून एक साल उसाचा पाला चालला असता. घोडं काही पावसात विरघळणार नव्हतं.

परतताना ती मागं बसली नाही. पुढं चढून नवऱ्याच्या शेजारी बसली. मीरासाबनं चकित होऊन जागा दिली. टांगा गावाबाहेर पडला तशी घुंगरं तालात आली. सुलतानबी त्याच्या कानाशी वाकली आणि मोठ्यानं म्हणाली, "झ्याक वाजतीया. पैसं वाया न्हाय गेलं."

मीरासाब तिच्याकडं बघतच राहिला. घोड्याला वाट ठाऊक होती, ते आपलं चालत राहिलं.

"लई दिसांनी बोललीस," तो म्हणाला. "ईदपासनं माझ्यासंगं तोंड उघडलं न्हाईस. मी म्हटलं, काय चुकलं असंल माझं."