माठातला मासा

काचपेटीत उरलेला एकुलता एक मासाही वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागला, तेव्हा कृष्णातने त्याला ओंजळीत धरलं आणि पिण्याच्या माठात सोडलं. माठातलं पाणी कालचं होतं, गार होतं. मासा अंधारात उतरला आणि दिसेनासा झाला. खाटेवर बसलेली त्याची बायको, राजेश्वरी, बघत होती.

कृष्णात भायखळ्याहून तुर्भ्याला हललेल्या भाजीबाजारात माथाडी होता. कोपरखैरण्याच्या त्या खोलीत चैत्रापासून कुणी मोकळं बोललं नव्हतं. राजेश्वरी दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परतली होती. बाळ जन्मलं आणि त्याच दिवशी गेलं. ती तापाच्या गुंगीत होती. शुद्धीवर आली तेव्हा सगळं उरकलं होतं. विषयच काढला नाही तर तिला विसर पडेल, असं कृष्णातला वाटायचं. एका व्यापाऱ्याने गाळा बदलताना माशांची काचपेटी देऊ केली, ती त्याने खांद्यावरून घरी आणली. घरात काहीतरी हलतं असावं, एवढंच.

आणि राजेश्वरी खरंच पेटीसमोर बसू लागली. दुपारचं ऊन काचेतून आत यायचं, भिंतीवर पाण्याचा उजेड डुलायचा, आणि त्या उजेडात ती कुठेतरी लांब निघून जायची. जेवायला हाक मारली की हळूहळू परत यायची.

आज सकाळी कृष्णातने पेटीतलं पाणी बदललं, फरशी पुसायच्या बादलीने. बादली चांगली विसळून घेतली होती. तरी दुपारपर्यंत बाकीचे मासे उलटे तरंगू लागले.

माठावर ताटली झाकून तो वाशीला, असे मासे विकणाऱ्या दुकानात गेला. दुकानदाराने समजावलं, की साबण, फिनेल, रॉकेल प्लास्टिकमध्ये मुरतं, कितीही धुतलं तरी पुरतं सुटत नाही. भांडं असं हवं, ज्याला साबण कधी लागलाच नाही. तांब्यापितळेचंही नको. त्यात नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवायचं, औषधाचा वास उडू द्यायचा. पुढे ते भांडं माशांसाठीच राखायचं.

घरी येऊन त्याने हे सगळं राजेश्वरीला सांगितलं. बोलायला काहीतरी मिळालं होतं. मोरीतल्या बादल्या, तेलाचा डबा, रॉकेलचा कॅन, एकही चालणार नव्हतं. नवी बादली आणतो म्हणून त्याने चपला घातल्या.

राजेश्वरी उठली. स्टुलावर चढून तिने माळ्यावरच्या गोधड्या बाजूला सारल्या आणि मागून एक बोचकं ओढून काढलं. जुन्या लुगड्यात गुंडाळलेला निळा टब होता, बाळाला अंघोळ घालायचा. एवढासा. बाळ यायच्या आधी त्याचं काही आणू नये म्हणतात, म्हणून तिने तो गुपचूप आणून लपवला होता. कृष्णात तो पहिल्यांदाच बघत होता.

"ह्याला साबण लागलेला न्हाई," ती म्हणाली.

कृष्णातने चपला काढल्या. दोघांनी टब नळाखाली भरला आणि कडा धरून, हिंदकळू न देता, गॅलरीत आणला. खाडीकडून वारा आला. निळ्या पाण्यात आभाळ हललं, थांबलं, पुन्हा हललं. राजेश्वरी टबाशी बसून राहिली. बोटांची टोकं पाण्याला जेमतेम टेकली होती, झोपलेल्याला जाग येऊ नये तशी.

कृष्णातचे डोळे भरून आले. ते तिला दिसू नयेत म्हणून तो आत जायला वळला.

"तुमी बघितलं हुतं त्याला," ती पाण्याकडेच बघत म्हणाली. "मला कुनी दाखवलंच न्हाई. कसा हुता?"

हा प्रश्न येऊ नये म्हणून इतके महिने तो स्वतःच्याच घरात दबकून वावरला होता. आता तो परत फिरला आणि टबाच्या पलीकडे, तिच्यासमोर बसला.

"केस लई हुते," तो म्हणाला. "तुझ्यासारखे. कुरळे."