उत्तराची जागा

"अरे लेका, जिवंत आहेस म्हणायचं!" सुतार म्हणाला आणि टेबलावरची भुशाची रास हातानंच सारून त्यानं चष्मेवाल्याच्या गिटारची केस ठेवायला जागा करून दिली.

रविवारी दुपारी करवती बंद असत आणि वर्कशॉपमध्ये बँड वाजे. सुतार बास गिटारवर, बस डेपोतला मेकॅनिक ड्रमवर आणि गायला सुताराची बायको. तिला सगळे वहिनी म्हणत. यांचा नवा गिटारवाला नोकरीसाठी परगावी गेला, म्हणून सुतारानं चष्मेवाल्याला फोन केला होता. बायको वारल्यापासून तीन वर्षं हा गडी इकडे फिरकला नव्हता. दिवसभर चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना "आता दिसतंय का?" विचारायचं आणि घरी जाऊन दार लावून घ्यायचं. आता ते दार त्याला खायला उठत होतं. बँडमधली जागा त्याला हवी होती. किती हवी होती म्हणाल, तर सकाळपासून त्यानं तीनदा शर्ट बदलला होता.

"आपला नेहमीचा संथ ब्लूज घेऊ," सुतार म्हणाला.

ब्लूज म्हणजे काही मोठं शास्त्र नव्हे. तीन कॉर्ड, तालाची बारा घरं म्हणजे बारा बार, की पुन्हा पहिल्यापासून. गाणारीनं एक ओळ म्हणून थांबायचं आणि त्या रिकाम्या जागेत गिटारनं तिला उत्तर द्यायचं. झालं.

पण चष्मेवाला तीन वर्षं स्वस्थ बसला नव्हता. दुकानातून आला की भात गॅसवर चढवायचा आणि गिटार घ्यायची. जॅझच्या रेकॉर्डी ऐकून ऐकून त्यानं साध्या कॉर्डच्या पोटात नववा सूर घातला, तेरावा घातला. एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना मध्ये दोन पाहुण्या कॉर्ड आणून बसवल्या. भात कितीदा करपला, त्याला गणती नाही. घरात बास वाजवायला कोणी नव्हतं, म्हणून बास त्यानं अंगठ्यावर घेतला. गायला कोणी नव्हतं, म्हणून गाणं वरच्या तारांवर. ओळ म्हणायचा तोच आणि तिला उत्तर द्यायचाही तोच.

मेकॅनिकनं काठ्या आपटून चार मोजले. वहिनींनी पहिली ओळ घेतली. ती संपायच्या आत गिटारनं ती म्हणूनही टाकली आणि तिचं उत्तरही देऊन टाकलं. वहिनी थांबल्या, त्यांना वाटलं आपलंच चुकलं. सुताराचा बास आणि चष्मेवाल्याचा अंगठा एकाच वाटेनं निघाले होते. दोन-चार पावलं सुतारानं बाजूला सरून बघितलं, मग तारांवर तळवा ठेवून तो गप्प उभा राहिला. आठव्या बारला वहिनी एक सूर नेहमी लांबवून धरत. आज त्या सुराखाली भलतीच कॉर्ड येऊन बसली आणि तो सूर करकरला. वहिनींनी तो सोडला. दुसऱ्या फेरीला मेकॅनिकनंही काठ्या मांडीवर ठेवल्या.

चष्मेवाल्याचे डोळे मिटलेले होते. त्याला एकच वाटत होतं, आता हे मला नाही म्हणायचे नाहीत. त्यानं आणखी दोन फेऱ्या वाजवल्या. खरं सांगायचं तर फार सुंदर वाजवल्या. शेवटची कॉर्ड विरली तेव्हा त्यानं डोळे उघडले. तिघंही हात बांधून ऐकत होते.

मग टाळ्या. आणि त्या खोट्या नव्हत्या हो!

"बाप रे बाप!" मेकॅनिक म्हणाला. "कुठे शिकलास हे?"

"घरीच."

"माझा बास, हिचं गाणं, सगळं तुझ्या एका गिटारीत!" सुतार म्हणाला. "आमची काय गरज रे तुला? तू एकट्यानं बस स्टेजवर. आम्ही तिकीट काढून येऊ."

"नाही नाही," चष्मेवाला घाईनं म्हणाला. "मी साधं वाजवेन. नुसत्या तीन कॉर्ड. तुमच्याबरोबर."

"बघा, विनय बघा याचा!" मेकॅनिक हसला.

"विनय नाही रे. खरंच. वहिनी, मला चालेल. मला आवडेल."

"छे हो भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "एवढं येत असताना आमच्यापायी हात आखडता घ्यायचा? पाप लागेल आम्हाला. आम्ही आमच्याजोगता कुणीतरी शोधू."

त्याला रडू येत होतं आणि समोरची तीन माणसं कौतुकानं त्याच्याकडे पाहत होती. तो वाकून वायर गुंडाळू लागला, तर सुतारानं ती त्याच्या हातातून काढून घेतली. बँडमध्ये ज्याचं ओझं त्यानं उचलायचं, असा रिवाज. बाहेरचा पाहुणा आला तरच त्याच्या हाताला काही लागू द्यायचं नाही. सुतारानं त्याचा ॲम्प्लिफायर उचलला. मेकॅनिकनं गिटारची केस तान्ह्या पोरासारखी दोन्ही हातांवर घेतली. चष्मेवाला त्यांच्या मागून रिकाम्या हातांनी चालत निघाला.

वहिनी पुढे होऊन दार उघडून उभ्या राहिल्या.

"सांभाळून हं भाऊजी," त्या अदबीनं म्हणाल्या. "इथे एक पायरी आहे."

पूर्वी पंधरा वर्षं दर रविवारी तो त्याच पायरीवर बसून गिटारच्या तारा बदलत असे.