पोचलं का?

दवाखान्याच्या वेबसाइटला काय धाड भरली होती कोण जाणे, सकाळपासून एकही ईमेल बाहेर जात नव्हता. प्रोग्रामरने स्क्रिप्टची ओळ न् ओळ तपासली, सर्व्हर तीनदा बंद-चालू केला. काही उपयोग नाही.

चाचणीचा मेल तो कायम बायकोला पाठवायचा: "पोचलं का?" मिनिटभरात तिचं उत्तर यायचं: "पोचलं." तिला जाऊन दहा महिने झाले, तरी बोटांची सवय मोडली नव्हती.

"अहो, रिपोर्ट अडकलेत, लोक फोनवर रडतायत!" बाहेरून काउंटरवरच्या बाई ओरडल्या.

"मी हात टेकले, बाई," तो म्हणाला. मग वैतागून त्याने मेल पाठवणारी ओळच खोडून टाकली आणि स्क्रिप्ट एकदा उगाच चालवली.

उत्तर आलं. तिच्याच पत्त्यावरून.

"निघाले."

त्याने कॉम्प्युटरची इंटरनेटची वायर उपसून काढली आणि खुर्चीला घट्ट धरून बसला.

बाहेर बाई कुणाला तरी म्हणत होत्या, "हो, आतच आहेत ते. जा ना."

पडद्यावर तिचा नेहमीचाच शब्द उमटला. फक्त या वेळी अनुस्वाराच्या जागी मात्रा होती.

"पोचले."